सटरफटर

नळ बघायला आलेला प्लंबर ओट्याखालून डोकं बाहेर काढतो आणि म्हणतो, "काका, काम काहीच नाही. जरा सटरफटर सामान लागेल, तेवढं आणा." इथेच ओळखावं, रविवार गेला.

किडूकमिडूक म्हटलं की निदान एखादा सोन्याचा मणी तरी डोळ्यांपुढे येतो. वेळप्रसंगी ते गहाण पडतं. अडगळ म्हटलं की माळा दिसतो. सटरफटर म्हटल्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. किती नग, कसले, केवढ्याचे? विचारलं तर प्लंबर आपल्याकडे दयेने बघतो. "दुकानदाराला कळतं हो."

दुकानदाराला कळत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गाडी लावायला जागा शोधून घामाघूम होऊन पोचावं, तर प्रश्नांची सरबत्ती. वायसर रबरी की फायबरचा? निपल पितळी की जीआय? आटे आतून की बाहेरून? मी पाइप पट्टीने मोजूनच गेलो होतो. "एकवीस मिलिमीटर!" रुबाबात सांगितलं.

"म्हणजे अर्धा इंची," तो म्हणाला.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे माझं शाळेपासून पाठ. वाद घातला. त्याने शांतपणे सांगितलं की लोखंडी पाइपाचा अर्धा इंच आतल्या भोकाचा, आणि तोही नावापुरता. बाहेरून तो एकवीसच भरतो. तेवढ्यात फॅब्रिकेशनवाला एक पोरगा आला, "चार सुती बोल्ट, सहा" म्हणाला आणि घेऊन गेलासुद्धा. इंचाचे आठ सूत, म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच. त्याचा मात्र खरोखरचा अर्धा! पट्टी मी गुपचूप खिशात घातली.

शेवटी वायसर, निपल, एल्बो, टेफ्लॉन टेप असं सगळं दोन-दोन मापांत घेतलं. प्लंबरने त्यातला एक वायसर वापरला. उरलेलं मी ड्रॉवरमध्ये नीट पिशवीत बांधून ठेवलं.

परवा बायको ड्रॉवर आवरत होती. "अहो, हे सटरफटर टाकून देऊ?"

"सटरफटर? अगं, पितळी निपल आहे त्यात!"

"हो का? आणि माझ्या डब्यातल्या बॉबिन, हुक, फॉलच्या तुकड्यांना दिवाळीत काय म्हणाला होतात?"