बायका विसरतात म्हणे

लक्ष्मीपूजन सोमवारी झालं, फराळ काल शनिवारी. अमेरिकेत, न्यू जर्सीतली दिवाळी ही अशीच, २०२२ चीही. तिथे चकली मोडत एक मित्र म्हणाला, "जूनमध्ये गर्भपाताच्या निकालावर बायका चिडल्या होत्या, आता निवडणूक आली तर विसरल्या. गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, दर आठवड्याला भरावं लागतं ना!" सगळे हसले. मीही हसले. रात्रभर झोप नाही.

२००६ साली मला चौथ्या महिन्यात पाणी गेलं. ठोके लागत होते, पण बाळ वाचणार नव्हतं, आणि मला ताप चढत होता. डॉक्टरबाईंनी मला आणि नवऱ्याला विचारलं, त्याच रात्री गर्भपात करून मोकळी केली. कुठल्या वकिलाला फोन करावा लागला नाही.

विसरले का मी? सोळा वर्षं झाली.

२४ जूनला सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा ४९ वर्षांचा हक्क काढून घेतला. मग २ ऑगस्टला कॅन्ससने काय केलं? ट्रम्पला पंधरा टक्क्यांच्या आसपास आघाडी देणारं राज्य ते! राज्याच्या घटनेतून गर्भपाताचा हक्क काढायची दुरुस्ती मतदारांनी ५९-४१ अशी आपटली. तेव्हा सगळे म्हणाले, वारं फिरलं. आता ऑक्टोबरचे पोल आले की पुन्हा रिपब्लिकनांची 'लाल लाट, लाल लाट'. अरे, पोलवाल्याचा फोन तुमच्यापैकी उचलतं तरी कोण?

बरं, महागाई खरी आहे. जूनमध्ये गॅलनला पाच डॉलर मीही मोजलेत, आणि तूरडाळीची पिशवी उचलताना दोनदा विचार करते. अध्यक्षाच्या पक्षाला मिडटर्ममध्ये, म्हणजे कारकिर्दीच्या मधल्या निवडणुकीत, बहुतेक वेळा फटका बसतोच, ओबामाने २०१० मध्ये प्रतिनिधीगृहाच्या ६३ जागा घालवल्या होत्या. आमचा डेमोक्रॅट खासदार मॅलिनॉस्कीही बहुधा पडेल. मतदारसंघ नव्याने आखताना रिपब्लिकन गावं आत आली, त्यात शेअरचे व्यवहार वेळेत न कळवण्याचं लफडं त्याने स्वतःच ओढवून घेतलं. मान्य.

पण "जर्सीत हा हक्क जपणारा कायदा आहे, तुला काय?" हे ऐकून घेणार नाही. सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन सिनेटर ग्रॅहमने देशभरासाठी पंधरा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारं बिल आणलंच ना? आणि टेक्ससमध्ये माझ्यासारख्या बाईला ठोके थांबेपर्यंत, नाहीतर अंगात इन्फेक्शन पसरेपर्यंत ताटकळत ठेवल्याच्या बातम्या येतायत. माझी लेक तिथे शिकते. तिला मी काय सांगू, गॅस स्वस्त झाला की बघू?

(मित्रा, वाचत असशील तर वाच. तुझ्या घरचा चिवडा छान होता.)

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. त्या रात्री हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी याच मित्राची बायको बसली होती. सकाळी मऊ भात घेऊन आली, माझे केस विंचरून दिले. काल ती लाडवाचं ताट फिरवत होती. नवऱ्याचं बोलणं ऐकून तीही हसली.

मला त्याच्यापेक्षा तेच जास्त लागलं. पण मग मी तरी का हसले?

अर्ली व्होटिंग कालपासून सुरू झालंय. अकराला निघतेय. तिलाही विचारावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवून दिला.