फक्त भाव बघणारा एजंट

एका इमारतीच्या छतावर भर दुपारी सोलरची वीज जास्तीची होते, आणि शेजारच्या इमारतीत त्याच वेळी पंप, लिफ्ट, एसी सगळं चालू असतं. मग दोघांनी आपसात सौदा का करू नये? मी या कल्पनेच्या बाजूने आहे. एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शेजाऱ्यांमध्ये असा व्यवहार झालाही. पुढे २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वालेनस्टाटला ३७ घरांनी दर १५ मिनिटांना लिलाव चालवून पाहिला.

दर १५ मिनिटांना बोली लावत कोण बसणार? म्हणून सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे मालकाच्या वतीने सौदे करणारा प्रोग्राम. हवामान, बॅटरी, इमारतीचा रोजचा वापर पाहून तो बोली लावतो. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, विकताना मिळणारा दर कमी, ग्रिडकडून घेताना पडणारा जास्त. सौदा जमतो तो या दोन दरांच्या मध्ये. दोन्ही दर सारखेच असतील तर एजंटला कामच उरत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ऊन सगळ्या छतांवर एकाच वेळी पडतं. दुपारी सगळेच विकायला बसतात, भाव कोसळतो. मग स्वस्त भाव दिसला रे दिसला की सगळे एजंट त्याच १५ मिनिटांत बॅटऱ्या आणि गाड्या चार्जिंगला लावतात. प्रत्येकाने आपापल्या मालकाचा फायदाच केलेला असतो, आणि तापतो तो सगळ्यांचा ट्रान्सफॉर्मर. माणसं अशी एका क्षणी बटण दाबत नाहीत. कोणी विसरतं, कोणी आळस करतं, त्यामुळे भार आपोआप विखुरतो. एकाच कंपनीचं एकच सॉफ्टवेअर घेतलेले एजंट आळस करत नाहीत.

म्हणून ट्रान्सफॉर्मरची क्षमता लिलावाच्या नियमांतच हवी. भार मर्यादेजवळ आला की त्या फीडरवरचा, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या लाइनवरचा, भाव चढला पाहिजे, नाहीतर सौदा नामंजूर झाला पाहिजे.

तारांच्या खर्चाचंही तेच. शेजाऱ्याला विकलेली वीजसुद्धा सामाईक तारेतूनच जाते. तारेचं भाडं माफ केलं, तर तो खर्च ज्यांच्याकडे छतच नाही त्यांच्या बिलात जातो. जवळच्या सौद्याला सवलत द्या, पण फुकट नको.

कोणी असं सॉफ्टवेअर विकायला आलं, तर बचतीचा आलेख नंतर बघा. आधी विचारा, सगळ्यांचे एजंट एकदम खरेदीला धावले तर त्यांना थांबवणार कोण?