लाडबोरीला पडला तो तारा नव्हता

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर हा मेसेज हमखास उगवतो: "२०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात तारा तुटून पडला. वर गुरुत्वाकर्षण नसते, इंधन संपले की यान खाली येते. सूर्य दर उन्हाळ्यात पृथ्वीजवळ येतो. आता तो फुटणार आहे. सर्वांना पाठवा." परवा पारावर एकाने विचारलंच, "काहून भाऊ, खरंच फुटते का सूर्य?" म्हणून एकेक वाक्य घेतो.

तारा पडला म्हणे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी जळत जाणारे तुकडे विदर्भात कित्येकांनी पाहिले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं सापडलं, आसपासच्या भागात गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो वरचा टप्पा, असं अभ्यासकांनी त्याच्या मार्गावरून ओळखलं. सूर्य हाही ताराच, आणि त्याच्या रुंदीत १०९ पृथ्व्या ओळीने मावतात. असा तारा लाडबोरीवर पडणार नाही, लाडबोरीच त्याच्यावर जाऊन पडेल. आपण तुटता तारा म्हणतो ती उल्का, पुष्कळदा ज्वारीच्या दाण्याएवढी. मोठा दगड क्वचित येतो, तेव्हा आपल्या लोणारसारखं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडतं.

आता इंधनाचं. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं. त्याचं इंजिन उड्डाणाच्या दिवशीच बंद झालं, तरी टाकी रिकामी असलेला तो सांगाडा वर्षाहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरत होता. मेसेज खरा असता तर तो त्याच दिवशी पडला असता. चंद्राला कोण डिझेल घालतं? सांगाडा खाली आला तो हवेमुळे. त्याची कक्षा लांबट होती. पृथ्वीजवळून जाताना दर फेरीत विरळ हवेशी घासायचा, वेग थोडा कमी व्हायचा, कक्षा आणखी खाली यायची.

वर गुरुत्वाकर्षण नसतं, हे तर शिकलेली माणसंही सांगतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. म्हणजे बुलढाणा ते गोंदिया, सरळ रेषेत. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. स्थानक सतत पडतच असतं. एका सेकंदात ते साडेचार मीटरच्या आतबाहेर खाली येतं, पण त्याच सेकंदात ७.७ किलोमीटर पुढेही जातं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोल तितकाच खाली वळलेला असतो. पडायला जमीन हातीच लागत नाही. बुलढाण्याहून गोंदियाला ते मिनिटाच्या आत पोहोचेल, एस.टी.वाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. माणूस आणि यान बरोबरच पडतात, म्हणून माणूस आत तरंगतो. दोर तुटून बादली विहिरीत जाते तेव्हा तिच्यातलं पाणीही वाटेत तसंच बिनवजनाचं असतं.

उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, हे तर उलटंच आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, १४.७ कोटी किलोमीटरवर, म्हणजे आपण शेकोटीला बसलेलो असतो तेव्हा. जुलैत ती १५.२ कोटींवर जाते. मे महिन्यात आपण भाजतो कारण ऊन डोक्यावरून सरळ पडतं. चंद्रपुरात २० मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्यात समुद्र लांब आणि कोरडी जमीन.

राहिला सूर्याचा स्फोट. ताऱ्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबतं, पोटातली उष्णता बाहेर रेटते. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होऊन ही उष्णता मिळते. हे ४६० कोटी वर्षं चालू आहे आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल. मग तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाहेरचे थर सोडून देईल आणि पृथ्वीएवढा श्वेत बटू, म्हणजे हळूहळू थंड होत जाणारा लहानसा गाभा, उरेल. फुटायला सूर्याच्या किमान आठपट वजन लागतं. असे जड तारे तुराट्यांच्या गंजीसारखे भडकतात आणि काही कोटी वर्षांतच संपतात. सूर्य बाभळीचा ओंडका आहे, धिमा जळणारा.

फुटणारा तारा बघायचाच असेल तर हिवाळ्यात हरभऱ्यात रानडुकरांसाठी जागलीला बसाल तेव्हा मृग नक्षत्राकडे पाहा. तिथला तो तांबूस तारा, काक्षी, कधीतरी फुटेल. कदाचित लाख वर्षांनी. अंतर निदान ५०० प्रकाशवर्षं, तेव्हा हरभऱ्याला त्याच्यापासून काही धोका नाही. डुकरांचं मात्र तुम्हीच पाहा.