छत्री कोणत्या कप्प्यात टाकायची?

आज सकाळी सव्वासातला कचरागाडीवाल्या पोरानं मला नापास केलं. छत्तीस वर्षं बँकेत बसून मी लोकांचे कागद परत केले, सही जुळत नाही, तारीख चुकली, आणि आज माझीच वस्तू भर गल्लीत परत आली.

झालं असं की गाडी गाणं वाजवत आली, मी पायजम्यावरच अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, माळ्यावरची छत्री घेऊन खाली पळालो. पोरगा म्हणाला, "बाबूजी, ये काय में जाएगी?" मी म्हटलं सुक्यात टाक ना बाबा. तर म्हणे, "कपड़ा अलग, लोहा अलग, लकड़ी अलग. ऐसे नी लूँगा." अरे छत्री आहे ती! समोरच्या वहिनी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभ्या, त्यांची सकाळ छान गेली. गाडी गेली पुढे, मी छत्री घेऊन उभा, ऊन ना पाऊस.

2017 ला आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि तेव्हापासून आपण सगळे रोज सकाळी परीक्षेला बसतोय. ओला, सुका, प्लास्टिक, डायपर, बॅटरी, बल्ब. आमच्या आजीकडे एकच कप्पा होता, "असू दे, लागेल". लुगडं फाटलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचं पुढे काय व्हायचं ते विचारू नका, आम्ही नातवंडं त्याच्यानेच सायकली पुसायचो.

बरं, मान्य. देवगुराडियाला रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करायचा प्लांट आहे, त्यावर सिटी बस चालतात, आणि आपल्या लहानपणी गल्लीत काय वास यायचा ते मलाही आठवतं. झालं? आता छत्रीचं ऐका.

1963 ची अनंत चतुर्दशी. मी सात वर्षांचा. मिलच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे देखावे, बघायला अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर, आजही असतं, मिल बंद पडल्या तरी झांक्या निघतात, हे फक्त आपल्याकडेच. अण्णा मिलच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे "आपली" झांकी बघायचीच. मी त्यांच्या खांद्यावर, हातात छत्री, पाऊस आला म्हणून उघडलेली. मागून सगळे ओरडताहेत, "अरे छतरी नीचे!" मी घाबरलो, हात सुटला, छत्री थेट झांकीच्या गाडीखाली. आणि हे कुठे झालं माहितीये? कृष्णपुऱ्याला, होळकरांच्या छत्र्यांसमोर, म्हणजे त्यांच्या समाध्यांसमोर! दगडाच्या छत्र्या शाबूत, आमची मोडली. (मला तेव्हा छत्रीबागेत छत्र्या झाडाला लागतात असंच वाटायचं, ते वेगळं.)

अण्णा एक शब्द बोलले नाहीत. गाडी पुढे सरकल्यावर वाकून छत्री उचलली, झटकली, काखेत मारली आणि पुढच्या झांकीकडे बोट दाखवलं. मी असतो तर नातवाला तिथेच दोन लेक्चर दिले असते, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी "छतरी सुधरवा लो" म्हणत येणाऱ्याकडून आठ आण्यात दोन काड्या बदलून घेतल्या. त्याच्याकडे त्या मापाच्या नव्हत्या, जरा लांब बसवल्या, म्हणून छत्री उघडली की एका बाजूला तिरकी व्हायची आणि सगळं पाणी उजवीकडे गळायचं. अण्णा त्यानंतर कितीतरी पावसाळे मिलमधून घरी यायचे ते उजवा खांदा ओला करून. मला बरोबर घेतलं की मी डावीकडे. हे मला आज, एकोणसत्तराव्या वर्षी, पक्कड हातात घेऊन ओट्यावर बसल्यावर लक्षात आलं.

हो, पक्कड. कारण परत आल्यावर मी तणतणत ठरवलं की कापड वेगळं, लोखंड वेगळं, लाकूड वेगळं, घे लेका, मोज! एक काडी काढली. दुसऱ्या काडीच्या टोकाला आईनं कापड टाचलेलं दिसलं, काळ्या कापडावर लाल दोऱ्याने, घरात काळा संपला असणार. पाच-सहा टाके, शेवटी गाठ, गाठीवर अजून एक गाठ. पक्कड खाली ठेवली.

आणि कोणावर चिडायचं? सूनबाईवर तर नाहीच. दिवाळीची साफसफाई करताना तिनं बिचारीनं दोनदा विचारलं होतं, "बाबा, ही नक्की टाकायची ना?" मीच पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, टाकून दे गं, काय करायचीये. त्या पोराचंही काय चुकलं, त्यालाही वरून कोणी ओरडत असेल.

काढलेली काडी परत बसवायला जमली नाही, आता एक बाजू अजूनच लोंबते. छत्री दाराच्या मागे उभी आहे. मघाशी सूनबाई म्हणाली, "बाबा, उद्या गाडीत मी देऊ का?"

मी म्हटलं उद्या गाडी येत नाही.

इंदुरात गाडी रोज येते, तिलाही माहितीये. "बरं" म्हणाली आणि पोह्यावर शेव घालायला आत गेली.