राग चुकीच्या कुत्र्यावर निघतोय

राळेगाव-पांढरकवड्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "अवनी वाघिणीच्या वेळी परदेशी कुत्री आणली, काय झालं? कॅमेरे असताना कुत्री कशाला? कुत्री चितळं फाडतात, रोग नेतात, अन् वनखातंच त्यांना जंगलात नेतं." ते दिवस आम्ही भोगलेत, म्हणून उत्तर देतो.

अवनीचं आधी. माणसं मारणाऱ्या त्या वाघिणीला शोधायला 2018 साली आणलेली केन कोर्सो कुत्री मुळात राखणीच्या आणि शिकारीच्या जातीची. त्यांचा उपयोग झाला नाही, हे खरं. पण जिवंत वाघामागे धावणं हे वनखात्याच्या शोधकुत्र्याचं कामच नाही. 2008 पासून ट्रॅफिक (वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणारी संस्था) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षण संस्थेच्या कार्यक्रमात अशी कुत्री तयार होतात. सुरक्षा दलांच्या प्रशिक्षण केंद्रात कुत्रा आणि त्याला सांभाळणारे वनकर्मचारी कित्येक महिने सोबत शिकतात. कातडं, हाडं, शिकारीचं मांस यांचा वास आला की खूण करायची, एवढंच त्याला ठाऊक. एका मोहिमेवरून त्याला नापास करणं अन्याय आहे.

आता कॅमेरा. तो झाडाला बांधलेला. समोरून गेलं तेच टिपतो. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, पण रानकुत्र्याला पट्टे कुठले? विष्ठा हुंगायला शिकवलेल्या कुत्र्याला ती सापडली तर डीएनएवरून जनावर कोणतं ते कळतं, आणि आतल्या केसांवरून त्यानं चितळ खाल्लं की आपलं ढोर, तेही. ज्याचा गोऱ्हा गेलाय त्याला हे किती मोलाचं आहे, सांगायला नको. अमेरिकेत सॅम्युअल वॉसर या शास्त्रज्ञाच्या चमूची कुत्री तर बोटीवरून ऑर्का देवमाशांची विष्ठा हुंगून शोधायची. त्यातल्या संप्रेरकांवरून 2017 साली कळलं की सॅल्मन मासे कमी पडल्यानं माद्यांचे गर्भ टिकत नाहीत. हे कोणता कॅमेरा सांगणार?

चितळं फाडतात ती मोकाट कुत्री. पथकातला कुत्रा दोरीवर असतो. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्री 1890च्या दशकातच काकापो पक्षी शोधायला तोंडाला मुसकं बांधलेला कुत्रा नेत असत.

रोगाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. 2018 मध्येच गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांमध्ये होणारा विषाणूचा रोग निघाला, वीसहून जास्त सिंह गेले. पण पथकातल्या कुत्र्याला लस देता येते, तो रोज डोळ्यासमोर असतो. जंगलाच्या कडेला आपली जी कुत्री ढोरांमागे आत जातात, त्यांना कोण टोचतं? येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय: गावातल्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजसोबत डिस्टेंपरची लस. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी त्या दिवशी हात वर करायला यावं.