न विकण्याची किंमत कोण देणार?

कोकणातली जमीन विकू नका असं सांगणाऱ्यांत आम्ही परदेशातली मंडळी सगळ्यांत पुढे. २०२३ मध्ये बारसूचं रिफायनरीविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा इथल्या मराठी गटांत दिवसभर तोच विषय होता. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, प्लॉटिंग झालं, आंब्याची बाग मुंबईच्या पार्टीला गेली, डोंगर पोखरून बंगले उठले, की आम्ही हळहळतो, फोटो पुढे पाठवतो आणि कामाला लागतो. संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाने यंदा गणपतीत फोनवर या सगळ्याला एका वाक्यात उत्तर दिलं. "तुला एवढं वाटतंय तर तूच घे ना विकत."

कायद्यानेच ते मला करता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांनुसार विकत घेता येत नाही. दादाला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण त्याचा मुद्दा बिनतोड होता. सडा न विकण्याचा खर्च तो सोसतो आणि त्याचं समाधान मी घेते. कातळावरच्या गवतातून त्याला वर्षाकाठी मिळतं ते मुलाच्या कॉलेजच्या एका हप्त्यालाही पुरत नाही. एजंट मात्र दर महिन्याला दारात उभा असतो.

मी राहते त्या अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात या खर्चाचा हिशेब मांडायची एक रीत आहे. ती आदर्श मुळीच नाही, पण रीत आहे.

राज्याच्या दक्षिणेला सॅन लुइस नावाचं प्रचंड खोरं आहे. समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फूट उंच आणि पाऊस वर्षाला जेमतेम सात-आठ इंच. एवढा पाऊस संगमेश्वरात जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. खोऱ्याच्या पूर्वेला सांग्रे दे क्रिस्तोची डोंगररांग. तिच्या पायथ्याशी, व्हिला ग्रोव्ह या चिमुकल्या गावाजवळ, व्हॅली व्ह्यूचे गरम पाण्याचे झरे आहेत. पूर्वी ते खासगी मालकीचे होते. मालक दांपत्याच्या पुढाकाराने २००१ साली ओरिएंट लँड ट्रस्ट ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि झरे तिच्याकडे आले. शेजारची एव्हरसन रँच, म्हणजे गुरं चारण्याची मोठी जमीन, हीही आता ट्रस्टकडे आहे. वरच्या अंगाला लोखंडाची एक जुनी खाण आहे, १९३० च्या दशकात बंद पडलेली. उन्हाळ्यात तिच्यात सुमारे अडीच लाख वटवाघळं मुक्कामाला येतात. संध्याकाळी त्यांचा लोट खाणीच्या तोंडातून बाहेर पडतो, तो बघायला लोक डोंगर चढून जातात. झऱ्यांच्या उतारावरच्या पाण्यातून ट्रस्ट स्वतःची वीज करतो. दिवसाला ठरावीक माणसंच आत घेतात. त्यापलीकडे कुणी आलं तर परत जावं लागतं.

आणि हो, तिथे कपडे घालणं ऐच्छिक आहे. आमच्या मराठी मंडळाची सहल तिथे न्यावी असं एकाने मोठ्या उत्साहात सुचवलं होतं, माहिती शेवटपर्यंत न वाचता. पुढच्या बैठकीत तो विषय कुणी काढला नाही.

आमच्याकडे तुरळ, राजवाडी, आरवली ही गरम पाण्याची ठिकाणं मुंबई-गोवा महामार्गालगतच आहेत. दापोलीत उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, वर ठाणे-पालघरच्या बाजूला तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. सिमेंटच्या टाक्या, कोपऱ्यात साबणाचे कागद, शेजारी देऊळ. हे बघून नाकं मुरडणारी परदेशस्थ मंडळी मला पटत नाहीत. तुरळच्या कुंडावर ट्रकचा क्लीनर पैसे न मोजता आंघोळ करून पुढे जातो. व्हॅली व्ह्यूला आधी जागा राखून ठेवावी लागते आणि प्रवेशशुल्क भरावं लागतं. स्वच्छतेची ही किंमत आहे आणि ती सगळ्यांना परवडत नाही. त्यामुळे घाटावर एक पाटी आणि चार कचरापेट्या आल्या की आमची कुंडं 'जागतिक दर्जाची' होतील, या भाषणांपेक्षा आजची अवस्था बरी असं मी म्हणेन. फक्त कुंडाच्या वरचा डोंगर शाबूत राहिला पाहिजे. जमिनीखाली कुठून पाणी मुरतं आणि कुठे तापून वर येतं, त्याची वाट सातबाऱ्याच्या हद्दी पाळत नाही.

ती डोंगराची बाजू खासगी असते, आणि कोलोरॅडोची रीत तिथेच कामाला येते. रँच विकत घेऊन कुंपण घालणं हा झाला एक मार्ग. जास्त वापरला जाणारा मार्ग वेगळा आहे. रँचर जमिनीचा मालक राहतो, गुरं चारतो, गवत कापतो, मुलांना वारसा देतो. मात्र तिथे प्लॉट पाडण्याचा, बांधकाम करण्याचा हक्क तो लेखी करार करून कायमचा सोडतो, आणि तो करार पाळला जातो की नाही हे बघण्याचा अधिकार जमीन जपणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे लँड ट्रस्टकडे देतो. हक्क सोडल्याने जमिनीची बाजारातली किंमत उतरते. जेवढी उतरली तेवढं त्याने समाजाला दान दिलं असं सरकार मानतं आणि करात सूट देतं. कोलोरॅडोने २००० पासून यात एक शहाणपणाची भर घातली. रँचरकडे जमीन शेकड्याने एकर, पण कर भरण्याइतकं उत्पन्नच नाही, मग सूट काय चाटायची? म्हणून तिथे ती सूट दुसऱ्याला विकता येते. जास्त कर भरणारा कुणी शहरी माणूस ती थोड्या कमी दराने विकत घेतो, आणि रँचरच्या हातात रोख पैसा येतो. न विकल्याबद्दल मिळालेला पैसा!

पैसा आला म्हटल्यावर त्यामागून लबाडीही आली. ओसाड माळावर जणू शहर वसणार होतं असं दाखवून मूल्यांकनं फुगवली गेली. सरकारने पुढे शेकडो सवलती नाकारल्या, त्यांत सरळ मार्गाने चाललेले शेतकरीही भरडले आणि वर्षानुवर्षं दावे चालले. आपल्याकडे रेडी रेकनरशी रोज खेळणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. तरी योजना बंद झाली नाही. नियम कडक झाले.

का टिकली, याचं उत्तर क्राउली काउंटीत मिळतं. आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातला हा भाग एके काळी कालव्यांवर पिकत होता. इथे पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून वेगळा विकता येतो. १९७० च्या दशकापासून ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरांनी शेतकऱ्यांकडून ते हक्क विकत घेतले. प्रत्येक शेतकऱ्याचा व्यवहार त्याच्यापुरता रास्तच होता, त्याचं वय झालेलं, मुलं शहरात. सगळे व्यवहार मिळून तालुकाच्या तालुका कोरडा झाला. सॅन लुइस खोऱ्यातलं भूजलही पंप लावून शहरांकडे नेण्याचे बेत १९८० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा आखले गेले. त्यांपैकी एका बेताच्या मुळाशी असलेली बाका रँच अखेर द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने विकत घेतली, आणि त्या बळावर २००४ मध्ये ग्रेट सँड ड्यून्सचं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं.

यात एक काटा आहे आणि तो मला सलतो. हे खोरं मूळ यूट या आदिवासी लोकांचं. १८६८ च्या तहाने ते त्यांच्याकडून गेलं. त्यांना न विकण्याची किंमत कुणी देऊ केली नव्हती. आज 'कायमचं' जपण्याचे करार होतात, ते अशा जमिनीवर, जिथे आधीचं 'कायमचं' मोडलेलं आहे.

म्हणून 'अमेरिकेतून शिका' असं मी म्हणणार नाही. शिवाय शिकण्याचा प्रवाह एकदा उलट्या दिशेनेही वाहिला आहे. जमीन समूहाच्या नावे धरून ठेवणारा आणि विक्रीच्या बाजारातून बाहेर काढणारा 'कम्युनिटी लँड ट्रस्ट' हा प्रकार अमेरिकेत सुरू झाला, तो जॉर्जिया राज्यात १९६९ साली, कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या न्यू कम्युनिटीज या संस्थेने. ती उभारणाऱ्यांपुढे विनोबांच्या ग्रामदानाचा नमुना होता. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाची कल्पना जॉर्जियात पोचली. तिथे १९८५ मध्ये ती संस्था कर्जापायी जमीन गमावून बसली. इकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली सगळी जमीन गावाच्या नावे करायचं ठरवलं. कोकणातल्या आम्हा शहाण्यांना ते गाव ठाऊकही नसतं.

पण मेंढा-लेखात गाव आहे. आमच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलूप आहे आणि सातबाऱ्यावर विसाच्या वर नावं आहेत. काही मुंबईत, काही पुण्यात, एक इथे. ग्रामदानाला गाव लागतं. आम्हाला असं काहीतरी हवं जे विखुरलेल्या मालकांनाही चालेल, आणि नेमकं ते कायद्यात नाही. आपला वहिवाटीच्या हक्काचा कायदा १८८२ चा. त्यात असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो, जसा शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याचा. ज्याची शेजारी जमीनच नाही अशा संस्थेला 'इथे बांधकाम होणार नाही' हा हक्क त्या चौकटीत धरता येत नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी ही अडचण वेगळे कायदे करून सोडवली. संस्थेने सरळ जमीनच घ्यावी, तर कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. ही बंदी कुळांच्या भल्यासाठी आली आणि ती उठवा असं मी म्हणत नाही. ती उठली तर पहिला फायदा एजंटचाच.

सरकारी मार्ग आहेत. दोडामार्गातल्या बांबर्डे-हेवाळ्याची मिरिस्टिका वृक्षांची दलदल जैवविविधता वारसा स्थळ झाली, चांगलंच झालं. ती आधीपासून देवराई म्हणून राखलेली होती. सड्याला देव नसतो. महसुली भाषेत तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. त्याच कातळावरची खोदचित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तरी दर ठरवताना तो पोटखराबाच.

तेव्हा मी दादाला एक सुचवलं आहे. आम्ही बाहेरच्या हिस्सेदारांनी आमच्या वाट्याचा सडा वीस वर्षं न विकण्याचा करार आपसात करायचा. त्या बदल्यात आम्ही दरवर्षी त्याला पैसे द्यायचे, एजंटच्या आकड्यावर बँकेचं जेवढं व्याज येईल त्याच्या निम्मे. वणवा आवरणं, गवत कापणं, हद्दीवर फिरून येणं हे काम त्याचं. पुण्याच्या काकांनी होकार कळवला. मुंबईतल्या दोघांनी विचारलं की मग आम्हाला काय मिळणार. दादा म्हणाला, "निम्मे का? पूर्ण का नाही?"

त्याचं बरोबर आहे. पूर्ण द्यायचे तर आम्हा तिघा-चौघांच्या खिशातून ते दरवर्षी निघणार नाहीत. कोलोरॅडोत ती तूट करदाते भरतात. आमच्याकडे ती कोण भरणार, यावर दिवाळीत पुन्हा बोलायचं ठरलं आहे. एजंटला दादाने तोवर थांबायला सांगितलंय. तो किती थांबेल, हे दादालाही माहीत नाही.