गॅसवरचा माणूस

गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात स्वयंपाकघरातून ‘अहो, गॅस!’ एवढीच हाक येते आणि पुढचे वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते. शेगडी बारीक करायची आहे, टाकी संपली आहे, टाकी घेऊन आलेला माणूस दारात सुट्ट्या पैशांसाठी खोळंबला आहे, की वाटाण्याच्या उसळीने आईच्या छातीत कळ उठली आहे, हे केवळ हाकेच्या पट्टीवरून ताडावे लागते. निर्णय होईपर्यंत मी स्वतःच गॅसवर असतो, हा त्या शब्दाचा आणखी एक अर्थ. मंत्रिमंडळाच्या विस्ताराच्या काळात वर्तमानपत्रे तो आमदारांसाठी राखून ठेवतात.

या छळाचे मूळ यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉन्ट या ब्रुसेल्सच्या वैद्याकडे जाते. त्यांनी ६२ पौंड कोळसा जाळला, तेव्हा हाती जेमतेम १ पौंड राख लागली. बाकीचे ६१ पौंड गेले कुठे, याचा कोणीही घरमालक करील तसा त्यांनी पिच्छा पुरवला आणि त्या अदृश्य, भांड्यात न कोंडता येणाऱ्या ऐवजाला ‘गॅस’ हे नवे नाव दिले. ते त्यांनी ग्रीकांच्या ‘खाओस’वरून, म्हणजे सृष्टीपूर्वीच्या अनागोंदीवरून बेतले; डच माणूस ‘ग’ घशातून घासून काढतो, त्यामुळे दोन्ही उच्चार त्यांच्या कानांना जवळचेच. १६४४ साली ते वारले आणि त्यांचा ग्रंथ १६४८ साली निघाला, म्हणजे जाब विचारायलाही कोणी उरले नाही.

त्यांना जे भांड्यात कोंडता येईना, ते आज दाबाखाली द्रवरूप होऊन १४.२ किलोच्या हिशेबाने आमच्या ओट्याखाली बसते. त्यातल्या प्रोपेन-ब्युटेनला स्वतःचा वासही नसतो. गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. तरीही ‘वास येतोय का बघा’ म्हणून मलाच रेग्युलेटरपाशी वाकवले जाते.

अलीकडे इमारतीत नळाचा गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, यायचे ठरले. पाहणीला आलेल्या तरुणाने आईला अदबीने विचारले, “आजी, गॅस कुठे आहे?” आईने हात फिरवत सांगितले, “सकाळी इथे बरगडीखाली होता, आता पाठीत सरकलाय.” त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, वहीत ‘जागा निश्चित नाही’ अशी नोंद केली आणि शेजारची बेल वाजवली.